तक्रारीची वाट

नदीकाठच्या एका गावात तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची आळी होती आणि त्या आळीच्या टोकाला एकदा एक असा म्हातारा कारागीर राहत होता, जो गिऱ्हाइकाला आधी गायला लावी.

पैसे, पत्ता, ओळख हे सगळे नंतर. आलेला माणूस नामवंत गवई असो, शाळकरी पोर असो की देवळात भजन म्हणणारा कुणी असो, हा त्याला आत घोंगडीवर बसवी आणि म्हणे, "सा लावा." मग तानपुरा मांडीवर आडवा घेई. तारा ज्या चपट्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीवरून तो कानस हलकेच फिरवी, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवी, तार छेडी आणि पुन्हा म्हणे, "सा लावा." दुपार कलेपर्यंत हे चाले. गाणारा कंटाळे, चहा येई, चहा निवे. आणि मग केव्हातरी तार नुसती वाजायची थांबून गुंजू लागे. एका स्वराच्या पोटातून दुसरा, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा असे स्वर उमलत जात आणि ती लहानशी खोली भरून जाई. या गुंजण्याला जवारी म्हणतात. एकाच्या गळ्यावर काढलेली जवारी दुसऱ्याच्या गळ्याला परकी राहते, असे म्हाताऱ्याचे म्हणणे होते. त्यामुळे गळा ऐकल्याशिवाय त्याने कुठल्याही तानपुऱ्याची जवारी कधी काढली नव्हती. सारी आळी त्याला अण्णा म्हणे.

अण्णांचा एक शिष्य होता, भास्कर नावाचा. तो कॉलेजात शिकलेला होता. मित्राबरोबर एकदा सहज या आळीत आला, अण्णांना जवारी काढताना त्याने ऐकले आणि घरच्यांचे सगळे बेत मोडून तो इथेच राहिला. त्याला स्वतःला गाता येत नव्हते, पण कान चांगला होता. त्याचे अण्णांवर आणि त्या विद्येवर फार प्रेम होते, आणि असे प्रेम करणाऱ्या तरुणांना जे होते तेच त्यालाही झाले: जग आपल्या प्रेमाच्या वस्तूकडे ढुंकून पाहत नाही, हे त्याला सहन होईना. फळ्यांवर तयार तानपुरे ओळीने उभे असत. भोपळे पुसता पुसता भास्कर रस्त्याकडे पाही. रस्त्याने माणसे जात, पण या दाराशी फारसे कुणी थांबत नसे. शेजारच्या दोन कारखान्यांत आता फर्निचर होत होते. ही विद्या आपल्या डोळ्यांदेखत मरणार, या विचाराने त्याला जेवण गोड लागत नसे.

अशा वेळी शहरातला एक व्यापारी त्या आळीत आला. तो जुनी घड्याळे, दुर्मीळ लेखण्या, हस्तिदंती सोंगट्या अशा वस्तूंचा व्यवहार करणारा होता; लोक त्याला शेठजी म्हणत. त्याने अण्णांचे काम निरखून पाहिले, नक्षीवरून बोट फिरवले आणि तो कौतुकाने मान हलवीत राहिला. त्याने एकही तार छेडली नाही, हे भास्करच्या तेव्हा लक्षात आले नाही. निघताना शेठजींनी भास्करला बाजूला घेतले.

"इतकं सुंदर काम, आणि तुम्ही ते असं उघड्यावर मांडून ठेवता?"

"मग कसं ठेवायचं?"

"दिसणार नाही असं." शेठजी हसले. "भास्करराव, वस्तू कुणालाच नको असते. दुसऱ्याला न मिळालेली वस्तू हवी असते. फळीवर ओळीने उभं दिसलं की माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी घेऊ. त्याला एकदा नाही म्हणून तर बघा."

भास्करला हे प्रथम पटले नाही. पण शेठजी जाणते होते. ते पैशाबद्दल बोललेच नाहीत, ते अण्णांबद्दल बोलले. असा हात पुन्हा होणार नाही, म्हणाले. हे लोकांना कळायला हवे, आणि लोकांना सांगून कधीच काही कळत नाही, त्यांना ताटकळत ठेवले की कळते, म्हणाले. भास्करच्या मनात जी जखम होती तिच्यावर नेमके हे औषध होते.

त्याने अण्णांना सगळी योजना सांगितली. फळ्यांवर पडदा टाकायचा. वर्षात मोजकीच वाद्ये बाहेर द्यायची. बाकी येईल त्याला नाव नोंदवून परत पाठवायचे. अण्णा भोपळा घासत होते. हातातले काम त्यांनी खाली ठेवले. मग म्हणाले, "मी वाद्य करीन. ते कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, ते तू बघ. पुढे हे सगळं तुलाच सांभाळायचंय. पण जे वाद्य जाईल त्याच्याबरोबर माझा एक निरोप जाऊ दे. म्हणावं, घरी नेऊन वाजवा, आणि मनासारखा आवाज लागला नाही तर वाद्य घेऊन माझ्याकडे या. केव्हाही या."

भास्करने आनंदाने होकार दिला. इतकी साधी अट. शेठजींनी तर तो निरोप जाड कागदावर सोनेरी शाईत छापून घेतला. वाद्याच्या पेटीत तो फार शोभून दिसे.

मग पडदा पडला आणि शेठजींनी सांगितले होते तसेच घडले. पहिला माणूस परत गेला तो चिडून गेला, पण आठवड्याने पुन्हा आला आणि येताना मेहुण्याला घेऊन आला. परत गेलेल्यांनी आपल्या ओळखीच्यांना सांगितले. शेठजींनी तानपुऱ्यांची छायाचित्रे काढून घेतली, अर्ध्या अंधारातली, त्यांत पूर्ण वाद्य कुठेच दिसत नसे. या नदीच्या वाळूत येणारा भोपळा आता येईनासा झाला आहे, अशी एक बातमी पसरली. ती कुणी पसरवली हे भास्करला ठाऊक होते. भोपळे येत होते, कारखान्याच्या मागच्या खोलीत आढ्याला टांगलेले होते. पण त्याने बातमी खोडली नाही. विद्येसाठीच तर चालले आहे, असे त्याने स्वतःला सांगितले.

आता दारात मोटारी थांबू लागल्या. ज्यांनी जन्मात कधी रात्रभर गाणे ऐकले नसेल, असे लोक अण्णांचा तानपुरा आपल्याकडे आहे की नाही यावरून एकमेकांना टोमणे मारू लागले. एका लग्नात म्हणे व्याही व्याह्याला म्हणाला, "तुमच्याकडे यादीत नाव असेल, आमच्याकडे वाद्य आहे." ज्यांना वाद्य मिळाले त्यांनी ते काचेच्या कपाटात उभे केले, वरून मंद दिवा सोडला. काहींनी तर पेटीच उघडली नाही, कारण न उघडलेल्या पेटीला अधिक मान होता. आळीतल्या इतरांनी हे पाहिले आणि त्यांनीही आपापल्या फळ्यांवर पडदे टाकले. दुरुस्तीची किरकोळ कामे सगळ्यांनीच बंद केली. जुन्या तानपुऱ्याला नवा भोपळा बसवून देणारा कारखाना लोकांना सामान्य वाटू लागतो, असे शेठजींचे मत होते.

गाणारे मात्र हळूहळू यायचे बंद झाले. त्यांना नाही म्हटले की ते मान खाली घालून निघून जात. ते पुन्हा येत नसत आणि मेहुण्यालाही आणत नसत. कुणी कमी झाले आहे, हे आळीला जाणवलेही नाही.

फक्त अण्णांचे वागणे भास्करला कळेनासे झाले. दुपारचे जेवण झाले की ते कानस पुसत, धाग्याचे रीळ काढत, घोंगडी झटकून अंथरत आणि दाराशी येऊन बसत. दिवेलागणीपर्यंत बसत. जवारीसाठी कुणी येणार नव्हते, कुणाला बोलावले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. एखादी मोटार थांबली की ते मान उंच करीत. उतरणाऱ्याच्या हातात वाद्य नाही हे पाहून पुन्हा खाली पाहत. मोठमोठे लोक येत आणि अण्णा असे उंबऱ्याशी बसलेले असत, याची भास्करला लाज वाटे. एकदा तो न राहवून म्हणाला, "अण्णा, तुम्ही आत बसा ना. लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणतायत का, तेच ऐकायला बसलोय," अण्णा म्हणाले. म्हाताऱ्या माणसाचे चमत्कारिक बोलणे म्हणून भास्करने ते सोडून दिले.

याच काळात एका दुपारी एक तरुणी कारखान्यात आली. अण्णा त्या दिवशी भोपळे निवडायला नदीपलीकडच्या मळ्यांत गेले होते. शेठजी मात्र आत गादीवर चहा घेत बसले होते. तरुणी एसटीने लांबून आली होती, तिचे नाव शरयू. कपडे साधे, बोलणे नेमके. तिच्या गुरू, ज्यांना ती बाई म्हणे, फार वृद्ध झाल्या होत्या. त्यांचा तानपुरा माळ्यावरून पडून त्याच्या भोपळ्याचे तुकडे झाले होते. बाईंनी आळीतल्या या एकाच घराचे नाव सांगून तिला पाठवले होते.

भास्करने ठरलेले उत्तर दिले. वाद्य शिल्लक नाही, नाव-पत्ता नोंदवून ठेवतो.

"वापरलेला असला तरी चालेल, दादा," ती म्हणाली. "नक्षी नको. दिसायला कसाही असू दे. बाईंना तानपुऱ्याशिवाय शिकवायला आवडत नाही आणि आता त्यांची तब्येत बरी नसते."

भास्करच्या पाठीमागे पडदा होता आणि पडद्यामागे तानपुऱ्यांची ओळ होती. त्याचा हात किंचित मागे गेलाही. पण त्याच वेळी शेठजींनी बशी खाली ठेवली. ते नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. एकीला दिले की दुसरीला द्यावे लागेल, आणि मग इतक्या कष्टाने उभे केलेले सगळे फळीवर येऊन बसेल, हे त्या पाहण्यात होते. भास्करला वाईट वाटले. वाईट वाटलेली माणसे पुष्कळदा करतात तेच त्याने केले. नकार गोड करून दिला.

"ताई, तुमचं नाव मी अगदी वर घालतो. दसऱ्याला नक्की, मी कळवतो. बाईंना सांगा, थोडी कळ काढा."

तिचा चेहरा उजळला. दसऱ्याला म्हणजे फार लांब नाही, असे म्हणून तिने हात जोडले. बससाठी ती घाईने बाहेर पडली.

ती गेल्यावर शेठजी मोठ्याने हसले. "भास्करराव, तुम्ही आज जे केलंत ना, ते मला जमलं नसतं." आणि दोन-चार दिवसांत ती गोष्ट शहरभर झाली: अण्णांच्या तानपुऱ्याला इतकी मागणी आहे की खऱ्या गाणाऱ्या बाईलासुद्धा रिकाम्या हाताने परत जावे लागले. ऐकणारे हळहळले नाहीत. त्यांनी आपापले नाव वर सरकवता येईल का, याची चौकशी केली. भास्करने अण्णांना यातले काही सांगितले नाही. दसरा आला तेव्हा एक बडा माणूस शेठजींची चिठ्ठी घेऊन आला होता, आणि दसऱ्याला द्यायचे म्हणून काढलेले वाद्य त्याच्याकडे गेले. शरयूला निरोप गेला नाही, आणि तीही आली नाही. तिला बहुधा दुसरीकडे मिळाले असेल, असे भास्करने ठरवून टाकले. आळीत सगळीकडे पडदे होते हे त्याला माहीत होते, तरीही.

पुढे हिवाळ्यात शेठजींनी शहरात एक मोठा सोहळा केला. ज्यांच्याकडे अण्णांचे तानपुरे होते त्यांनी ते आणून मांडले. एका प्रशस्त दालनात काचेच्या पेट्या रांगेने ठेवल्या होत्या आणि लोक त्यांच्यामधून दबल्या आवाजात बोलत फिरत होते, जणू गाभाऱ्यात आहोत. भास्करला वाटले, हेच आपल्याला हवे होते. अण्णांच्या हाताला आता मान मिळाला. शेवटी शेठजींनी एक पेटी उघडवली आणि म्हणाले, अण्णांचे शिष्य आपल्यात आहेत, त्यांनी एकदा तार छेडावी, आपण सगळ्यांनी तो दैवी नाद ऐकावा.

भास्करने वाद्य मांडीवर घेतले.  त्याने तार छेडली.

तार 'टण्' करून विझली.

त्याने पुढची छेडली, मग तिच्या पुढची. प्रत्येक तार पत्र्यावर खडा पडावा तशी वाजली आणि मेली. गुंजन नव्हते. त्याने खाली वाकून पाहिले. घोडी कोरी होती, कानशीचा स्पर्शही न झालेली. धागे नव्हतेच. जवारी काढलेलीच नव्हती.  आता सगळे उघडे पडणार, या भीतीने त्याने मान वर केली.

समोरच्या लोकांचे डोळे मिटलेले होते. कुणीतरी हलकेच "वा" म्हणाले. मग आणखी कुणी. एका गृहस्थांनी रुमालाने डोळे टिपले. मग टाळ्या झाल्या आणि त्या बराच वेळ चालल्या. उघडे काहीच पडले नाही. भास्कर त्या टाळ्यांमध्ये बसून राहिला. लाजेची इतकी वाईट जात असते हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

तो तसाच गावाकडे परतला. दुपार होती. अण्णा दाराशी घोंगडी अंथरून बसले होते. भास्कर त्यांच्यासमोर उभा राहिला आणि आजवर ज्या आवाजात बोलला नव्हता त्या आवाजात बोलला. "अण्णा, तुम्ही अपुरी वाद्यं दिलीत. एकाचीही जवारी काढली नाहीत. लोकांना फसवलंत तुम्ही."

"बस," अण्णा म्हणाले.

तो बसला नाही.

"गळा ऐकल्याशिवाय मी जवारी कशी काढणार?" अण्णा शांतपणे म्हणाले. "कुणी गायलंच नाही माझ्यासमोर. तरी मी प्रत्येकाला निरोप धाडला. घरी न्या, वाजवा, आवाज लागला नाही तर घेऊन या. एकदा जरी कुणी तार छेडली असती, तरी त्याला कळलं असतं की हे वाद्य मुकं आहे. तो आला असता, रागावला असता, माझ्या अंगावर धावून आला असता. मी त्याला इथे बसवलं असतं, म्हटलं असतं, सा लावा." त्यांनी समोरच्या कानशीकडे पाहिले. "मी तक्रारीची वाट बघत होतो, भास्कर. इतकी वाद्यं गेली, एक तक्रार आली नाही. तुला वाटलं आपली कीर्ती झाली. मला रोज कळत होतं की अजून एक भोपळा वाया गेला."

भास्कर हळूहळू खाली बसला.

"लोकांनी काय घेतलं तुझ्याकडून?" अण्णा पुढे म्हणाले. "वाद्य नाही घेतलं. दुसऱ्याला मिळालं नाही, हे घेतलं. ते काचेत ठेवलं काय आणि पेटीत ठेवलं काय, पुरतंच. त्याला जवारी कशाला लागते? मी तुला थांबवायला हवं होतं. पण तुझा जीव तुटत होता ते मला दिसत होतं. मला वाटलं, पहिल्याच तक्रारीला तुझे डोळे उघडतील. ती येणारच नाही, हे माझ्या मनात आलं नाही."

 मग भास्करने शरयूची हकिगत सांगितली. पडदा, शेठजी, दसऱ्याचा वायदा, सगळे सांगितले. अण्णांचा चेहरा पाहणे त्याला जमेना, म्हणून तो घोंगडीकडे पाहून बोलत होता.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गाणारी होती?"

"हो."

अण्णा उठले. पडदा बाजूला करून त्यांनी एक तानपुरा काढला, बिननक्षीचा, साधा. तो भास्करच्या हाती दिला आणि त्यावर कानस आणि धाग्याचे रीळ ठेवले. "तिचा गळा मी ऐकलेला नाही. तू जा. तू ऐक, आणि तूच जवारी काढ."

भास्करने आजवर एकट्याने कधी जवारी काढली नव्हती. तो पहाटेच्या गाडीने निघाला. वाटेत दोनदा गाडी बदलावी लागली, तेव्हा वाद्य छातीशी धरून तो उभ्याउभ्या माणसांचे धक्के चुकवीत राहिला. हीच वाट ती रिकाम्या हाताने परत गेली असेल, हे त्याच्या मनातून जाईना.

शरयूचे घर गावाच्या शेवटाला होते. तिने त्याला ओळखले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळे बोलणे आणखी अवघड झाले. तिने पाणी दिले, आत नेले. आतल्या खोलीत खिडकीखाली खाटेवर एक कृश वृद्धा उशांना टेकून बसली होती. डोळे अतिशय तेजस्वी होते.

"या बाई," शरयू म्हणाली. "यांना ऐकू सगळं येतं. दसऱ्यानंतर झटका आला. वाचा गेली."

 उशीर झाला, असे काहीतरी भास्कर पुटपुटला.

"तसं शिकणं थांबलं नव्हतं," ती जणू त्याचीच समजूत काढीत म्हणाली. "बाकीचं बाजाच्या पेटीवर चालायचं. पण त्यांच्या गुरूंची एक चीज होती, कुठे लिहिलेली नाही, दुसऱ्या कुणाला येतही नाही. ती मला द्यायची होती. तिचा पहिला भाग, स्थायी, जुना तानपुरा होता तेव्हाच झाला होता. अंतरा राहिला होता. मी म्हटलं, पेटीवर सांगा. पण तुम्ही दसऱ्याला म्हणाला होतात ना. बाई म्हणाल्या, आता थोडक्यासाठी कशाला घाई, वाद्य आलं की नीट बसून सांगते."

तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. घडले तसे सांगितले.

भास्करने तानपुरा मांडीवर आडवा घेतला.  "ताई, सा लावा," तो म्हणाला.

तिने सा लावला. त्याने कानस फिरवली, धागा सरकवला, तार छेडली. पुन्हा सा. पुन्हा कानस. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाटेवर आली आणि खाटेवरून जमिनीवर उतरली. मग एकाएकी तार गुंजली. चारी तारा एकमेकींत मिसळल्या आणि खोली भरू लागली. शरयूने तानपुरा त्याच्याकडून घेऊन खांद्याशी उभा धरला, डोळे मिटले आणि तीच चीज सुरू केली.

स्थायी संथ होती. बाईंचा उजवा हात चादरीवर ताल धरू लागला. एका वळणावर शरयूचा स्वर जरासा उतरला, तसे बाईंनी बोट उचलून तिला थांबवले, आणि तिने तेवढी जागा पुन्हा म्हटली. आता बाईंनी मान हलवली. स्थायी पूर्ण झाली, समेवर आली. शरयू थांबली. तिच्याकडे पुढचे नव्हते.

बाईंचा हात मात्र थांबला नव्हता. तो चादरीवरून उचलला गेला आणि वर, वरच्या षड्जाकडे जातो तसा, हळूहळू हवेत चढू लागला. अंतरा तिथून सुरू होत असणार. त्यांचे ओठ उघडले. त्यांच्या डोळ्यांत सगळी चीज लख्ख दिसत होती, शब्द, वळणे, सगळी. पण ओठांतून काहीच बाहेर आले नाही. हात काही वेळ तसाच वर राहिला. शरयू त्या हाताकडे पाहत तारा छेडत राहिली, न थांबता.

या जगात मोजके काय होते, काय पुन्हा घडवता येणार नव्हते, हे भास्करला त्या खोलीत कुणी सांगितले नाही. तो खाली वाकून घोडीवर कान लावल्यासारखा बसला होता. जवारी उत्तम लागली होती. त्याने केलेली पहिलीच, आणि तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.